वैशाखातली कळसूबाई

पहाटेचे पावणेतीन. बारी गावातल्या एका ओसरीवर पाच-सहा मित्रांची हालचाल सुरू आहे. कुणी बुटाची नाडी आवळतं आहे, कुणी हेडटॉर्चचा पट्टा कपाळावर बसवतं आहे. एक जण मात्र काही न बोलता प्रत्येकाची बाटली हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतो. ज्याची बाटली हलकी लागेल त्याला पुन्हा हंड्याकडे पाठवतो. माणशी चार लिटर, त्याखाली नाही. मे महिन्यात कळसूबाईला जाणाऱ्या प्रत्येक गटात असा एक खमका माणूस असायलाच हवा. कॅमेरा विसरला, खाऊ विसरला, टोपी विसरली, तरी काहीतरी मार्ग निघतो. पाणी कमी पडलं तर या डोंगरावर मे महिन्यात मार्ग निघत नाही.

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, जुन्या मापात ५४०० फूट. अहिल्यानगर आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर ते उभं आहे. पूर्वेच्या पायथ्याशी अकोले तालुक्यातलं बारी, तर उत्तरेला इगतपुरी तालुक्यातली गावं. मुंबईकर कसाऱ्यापर्यंत लोकलने येतात आणि पुढे जीप करतात. पुणेकर आणि नाशिककर आपापल्या गाड्या घेऊन येतात. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारीचा फाटा लागतो. जून ते सप्टेंबर या वाटेवर इतकी गर्दी होते की लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते. एवढं करून वर पोहोचल्यावर बहुतेकांना दिसतं ते फक्त धुकं. ओली शाल पांघरलेला तो डोंगर सुंदर असतो, यात वाद नाही. पण शालीखाली काय आहे हे पाहायचं असेल तर वैशाखात यावं. गवत वाळून झडलेलं असतं, ओढे आटलेले असतात, कातळाचा थर न् थर मोजता येतो. पाण्यावाचून या डोंगराचं, इथल्या माणसांचं आणि चढणाऱ्याच्या शरीराचं काय होतं, हेही तेव्हाच कळतं.

एवढ्या पहाटे निघण्यामागे साधा हिशेब आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरातल्या चालीचा एक ठोकताळा मांडला. तो आजही जगभर वापरला जातो. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरायचे आणि चढाईच्या दर ६०० मीटरमागे एक तास वाढवायचा. बारीहून माथ्यापर्यंतची चाल सहा-सात किलोमीटरची आणि चढ नऊशे मीटरच्या आसपास. म्हणजे सव्वा तास आणि दीड तास मिळून पावणेतीन तास, शिवाय थांबण्याचा वेळ वेगळा. मेच्या मध्यावर इथे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. तीनला पाऊल उचललं तर सूर्योदयाला माथा गाठता येतो, तासभर वर बसता येतं आणि ऊन चटका देऊ लागायच्या आत अर्धा डोंगर उतरून होतो. सकाळी आठला आरामात निघणाऱ्यांची गाठ भर उन्हात अकरा वाजता उघड्या कातळाशी पडते. उन्हाळी फजितीच्या बहुतेक गोष्टींची सुरुवात या उशिरा निघण्यातच असते.

गाव मागे पडलं की वाट वावरांच्या बांधावरून जाते. अंधारात पहिली सोबत होते ती रातव्याची. हा पक्षी वाटेवरच बसलेला असतो आणि टॉर्चच्या झोतात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लालसर चमकतात. पाऊल जवळ आलं की आवाज न करता उडतो आणि दहा हातांवर पुन्हा बसतो. पुढे ओढा ओलांडावा लागतो. या दिवसांत त्यात फक्त दगड असतात. पायथ्याजवळ देवीचं एक मंदिर आहे. ज्यांना वरपर्यंत चढवत नाही ते इथेच हात जोडतात. खरी चढण त्यानंतर सुरू होते.

मे संपता संपता, वळवाची एखादी सर पडून गेली असेल, तर याच अंधारात काजवे दिसतात. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा परिसरातली हिरडा, बेहडा, सादडा, ऐन ही झाडं काजव्यांनी लखलखतात. एक फांदी उजळते, मग दुसरी, आणि बघता बघता अख्खं झाड एका ठेक्यात उघडझाप करू लागतं. नर मादीला बोलावतो तो या प्रकाशाने. ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन तो तयार होतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. काजव्याच्या आयुष्याचा मोठा भाग मातीत, अळीच्या रूपात जातो. पंख फुटल्यावर त्याच्या हाती थोडेच दिवस उरतात. अशा वेळी गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे फ्लॅश मध्ये आले की त्यांच्या खुणा एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. गटाने पाच मिनिटं सगळ्या टॉर्च बंद करून उभं राहावं. हा संपूर्ण परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात आहे, तेव्हा इथे माणूस पाहुणा आहे आणि त्याने पाहुण्यासारखंच वागावं.

या वाटेवर सांगितली जाणारी देवीची गोष्ट जुन्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. रानावनात हिंडण्याची आवड असलेली कळसू नावाची एक कोळ्याची पोर पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली. कामाला लागतानाच तिने अट घातली होती, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला नेमकी तीच दोन कामं सांगितली. तिने ती मुकाट्याने केली, लगेच डोंगराची वाट धरली आणि पुन्हा कधी खाली आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर काढला ती काळदरा, असं सांगतात. दिलेला शब्द मोडला म्हणून न भांडता महाराष्ट्राच्या सर्वांत उंच जागी जाऊन बसलेली ही मुलगी आहे. नवरात्रात तिच्या दर्शनाला हजारो माणसं हा चढ चढतात. त्यांत डोक्यावर नैवेद्याची टोपली घेतलेल्या म्हाताऱ्या बायका असतात, अनवाणी. महागडे बूट घालून धापा टाकणाऱ्या शहरी तरुणांना त्या मागे टाकून जातात.

तास-दीड तासाने अंगातला शर्ट भिजतो. रात्र असली तरी कातळाने दिवसभर शोषलेली ऊब अजून गेलेली नसते, काळ्या बसाल्टचा तो गुणच आहे. आता शरीराचं काम सुरू होतं. चढताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा बराच मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती घालवण्याचा उन्हाळ्यातला मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि घामही गळून नव्हे, वाळूनच अंग थंड करतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत हे छान जमतं. मेच्या उत्तरार्धात समुद्रावरून दमट वारं येऊ लागलं की घाम नुसता निथळतो, वाळत नाही. माणूस चिंब भिजतो आणि तरी आतून तापत राहतो. अशा चढावर तासाला अर्धा ते एक लिटर पाणी घामावाटे सहज जातं, काहींचं त्याहूनही जास्त. पाच-सहा तासांच्या चालीला चार लिटर का, याचं उत्तर इथे मिळतं.

घामातून मीठही जातं. म्हणून नुसतं पाणी पीत राहणं पुरेसं नाही. तासन् तास घाम गाळून वर फक्त साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि प्रकरण गंभीरही होऊ शकतं. सॅकच्या वरच्या कप्प्यात ओआरएसची पुडी असावी ती यासाठी.

त्या पुडीचा इतिहास प्रत्येक डोंगरवेड्याने जाणून घ्यावा असा आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातलं. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून वाटायला सुरुवात केली. रुग्णांच्या नातेवाइकांनीच ते वाटीवाटीने पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. यामागचं तत्त्व असं, की आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागोमाग ओढलं जातं. एकटं मीठ किंवा एकटी साखर हे काम इतक्या चांगल्या रीतीने करू शकत नाही. २०२२ मध्ये डॉ. महालनबीस गेले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती मापही चालतं, चमचा मात्र चहाचा. आपल्याकडचं मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत याच जातकुळीतलं. आजीच्या हातचं सरबत विज्ञानाच्या इतकं जवळ होतं, याचा आनंद वाटल्याशिवाय राहत नाही.

आता मित्रांबद्दल. उन्हाळ्यातला डोंगर एकट्याने करू नये असं जाणते गिर्यारोहक सांगतात. एरवीही ते हेच सांगतात, पण उन्हाळ्यात त्याला खास कारण आहे. ऊन बाधतं तेव्हा सर्वांत आधी मंदावतो तो विचार. ज्याला त्रास होतो आहे त्यालाच तो होतोय हे उमगत नाही. "मला काही झालेलं नाही, तुम्ही व्हा पुढे," हे वाक्य अशा वेळी अगदी मनापासून आणि अगदी चुकीचं बोललं जातं. मघाशी गाणी म्हणणारा अचानक गप्प झाला, विनाकारण चिडला, साध्या दगडाला दोनदा ठेचकाळला, प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लावू लागला, या खुणा त्याच्या मागून चालणाऱ्याला दिसतात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊन भ्रमिष्टपणा आला तर तो उष्माघात. त्यात मिनिटं मोलाची असतात. 'घाम येतोय ना, मग उष्माघात नाही' हा समज तर घातकच आहे, कारण श्रमाने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने न्हालेलाही असू शकतो. सावलीत आडवं करायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा, मान-काख-जांघेत ओली फडकी ठेवायची आणि खाली नेण्याची व्यवस्था करायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

म्हणून चांगल्या गटात सर्वांत हळू चालणारा पुढे असतो आणि सर्वांत दमदार माणूस सगळ्यांत मागे. उलट केलं की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पुढचे भराभर जाऊन झाडाखाली बसतात, मागचा धापा टाकत त्यांच्यापर्यंत पोहोचतो, आणि तो पोहोचताक्षणी "चला" म्हणून सगळे उठतात. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्याला ती सर्वांत कमी मिळते. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर, दोन शब्दांवर दम लागत असेल तर जास्त, ही मोजपट्टी कुठल्याही घड्याळाहून सोपी. ऑफिसच्या एसीत बारा महिने बसणाऱ्याचं शरीर उन्हाला सरावायला दहा ते चौदा दिवस घेतं. त्यामुळे गेल्या डिसेंबरात तुरुतुरु चढलेला मित्र मे महिन्यात मागे पडला, तर त्याला टोमणे मारू नयेत. शहरात वर्षानुवर्षं भेटूनही जी ओळख होत नाही, ती एकमेकांच्या पाण्यावर लक्ष ठेवताना होते. कुणाचा घोट किती, कोण स्वतःचं संपलेलं लपवतो आणि कोण दुसऱ्याला न मागता देतो, हे एका पहाटेत कळतं.

शिड्यांपाशी येईपर्यंत पूर्वेला तांबडं फुटलेलं असतं. सरळ उभ्या कातळावर बसवलेल्या या लोखंडी शिड्यांनी कळसूबाई सर्वांसाठी सोपी केली. पहाटे त्यांचे कठडे हाताला गार लागतात. उतरताना, ऊन वर आल्यावर, तेच कठडे धरवत नाहीत, म्हणून खिशात रुमाल ठेवावा. शेवटच्या शिडीखालच्या सपाटीवर एक विहीर आहे. पावसाळ्यानंतर तिचा मोठा आधार असतो, मे महिन्यात मात्र तिच्यावर भिस्त ठेवून कुणी बाटली रिकामी करू नये.

आणि मग माथा. शेंदूर फासलेली देवी, दोन-तीन माणसं दाटीवाटीने मावतील एवढं छोटं राऊळ आणि चहूबाजूंनी मोकळं आभाळ. घाम वाळता वाळता अंगावर शिरशिरी येते. उंची दर हजार मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. गावापेक्षा इथे पाच-सहा अंशांचा फरक पडतो आणि वारा असेल तर त्याहून जास्त भासतो. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे त्रिकूट, दक्षिणेकडे रतनगड, खाली भंडारदऱ्याच्या जलाशयाची चकाकणारी पट्टी, दूर दक्षिणेला हरिश्चंद्रगडाचा पसारा. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला सप्तशृंगीच्या बाजूचे डोंगरही दिसतात.

या वेळी जवळचंही निरखून पाहावं. समोरच्या प्रत्येक डोंगरावर एकसारख्या आडव्या रेघा दिसतात, पायऱ्या कोरल्यासारख्या. कडा, मग पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, पसरला, थिजला, आणि त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. असे थरावर थर चढले. भूशास्त्रज्ञ याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. सह्याद्रीतल्या या थरांचे तीन मोठे गट मानले जातात. वाई, लोणावळा आणि सर्वांत खालचा, म्हणजे सर्वांत जुना, तो कळसूबाई. जगभरच्या शोधनिबंधांत त्या रागावून निघून गेलेल्या पोरीचं नाव असं रुजलं आहे.

दोन कड्यांच्या मधे काही ठिकाणी विटकरी लाल मातीचा पट्टा दिसतो. एक थर थिजल्यावर त्याच्या पृष्ठभागाची झीज होऊन माती झाली आणि वरून आलेल्या पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली, तो हा पट्टा. पावसाळ्यात तो गवताआड लपतो. इथल्या पाण्याची गोष्ट समजण्यासाठी मात्र तो फार महत्त्वाचा आहे. बसाल्टचा दगड तसा घट्ट, पाणी पिऊन साठवून ठेवणारा नव्हे. पाणी मुरतं ते त्याच्या भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून. मुरत मुरत ते अशा लाल मातीच्या थराशी अडतं आणि आडवं वाहून कड्याच्या अंगाला झरा होऊन बाहेर येतं. सह्याद्रीतल्या अनेक वाड्यांचं पिण्याचं पाणी म्हणजे असे झरे. डोंगराच्या पोटात साठा थोडा असल्याने फेब्रुवारी-मार्चनंतर ते बारीक होत जातात आणि मेमध्ये पुष्कळसे आटतात.

यातली वेदना अशी की हा दुष्काळी मुलूख नाही. जवळच्या घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात एखाद्या पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, पुण्याच्या कितीतरी पट. पण उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली कातळ. आलेलं पाणी थांबत नाही. कळसूबाईच्या कुशीतून निघणारी कृष्णवंती ते प्रवरेला नेऊन देते. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. शंभर वर्षं ते पाणी खालच्या सपाटीवरची शेतं भिजवत आलं आहे आणि प्रवरेच्या कालव्यांवर उसाची मोठी बागायत उभी राहिली. ते व्हायलाच हवं होतं. पण ज्यांच्या डोक्यावर तो पाऊस पडतो त्या पाणलोटातल्या वाड्यांमधल्या बायकांनी मे महिन्यात हंडा घेऊन दूरच्या विहिरीची वाट धरावी, हे माथ्यावरून एका नजरेत दिसतं. डाव्या हाताला चकाकणारा जलाशय, उजव्या हाताला विहिरीकडे चाललेली रंगीत ठिपक्यांची रांग.

माथ्यावरून शेतांकडे पाहिलं की भुऱ्या जमिनीवर काळे चौकोन दिसतात. नवखे लोक त्याला वणवा समजतात. तो राब असतो. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळकं गवत, फांद्या पसरून ते मे महिन्यात भाजतात. तणाचं बी जळतं, राखेचं खत मिळतं, आणि पहिला पाऊस पडला की त्याच काळ्या मातीत भाताचं बी टाकतात. झाडीतून पावशा 'पेर्ते व्हा' ओरडत असतो आणि खाली ही तयारी चाललेली असते. सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांना जो मोसम रिकामा वाटतो, तो इथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या घाईचा आहे.

त्यातलेच काही जण वाटेवर टपऱ्या मांडतात. चार बांबू, वर पेंढा किंवा ताडपत्री, खाली बर्फाचा डबा आणि लिंबं. शनिवार-रविवारी पहाट फुटताना ही माणसं वर येतात, तेव्हा त्यांच्या खांद्यावर कॅन असतात. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, आणि चढ तोच. शहरातला पाहुणा स्वतःच्या चार किलो पाण्याने बेजार झालेला असतो, तेव्हा त्याला हातात आलेल्या सरबताच्या ग्लासाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. इथे भाव करू नये, एवढंच म्हणावंसं वाटतं. गावात परतल्यावर पिठलं-भाकरीची सोय घराघरांत होते. अकोले तालुका हा बीजमाता राहीबाई पोपेरे यांचा तालुका. कोंभाळणे गावच्या राहीबाईंनी गावरान वाणांचं बी जपलं, त्यासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. इथल्या ताटात नागलीची भाकरी आली तर तिच्यामागे हे सगळं आहे.

साडेसातला उतरायला लागावं. ऊन तोवर सोनेरी असतं, पण नऊनंतर ते बदलतं. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर गेल्याशिवाय हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही. डोंगराळ भागासाठी तोच उंबरठा ३० अंशांचा आहे. वाळलेल्या वाटेवर घसारा असतो, म्हणजे बारीक खडी आणि मुरूम, आणि उतरताना पाय निसटतो तो नेमका त्यावरच. पाच तास चालून थकलेल्या मांड्या इथे दगा देतात. पावलं छोटी टाकावीत आणि गप्पा जरा आवराव्यात.

कड्यांच्या कपारीत आग्या माश्यांची मोठाली पोळी लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा किंवा पोळ्याकडे भिरकावलेला एक दगड, यांतलं काहीही त्यांना उठवायला पुरेसं होतं, आणि अरुंद वाटेवर पळायला जागा नसते. म्हणून इथे विडी-सिगारेट पेटवायची नाही. वाळक्या गवताचं कारण तर आहेच. एका थोटकाने लागलेला वणवा डोंगराची अख्खी सोंड जाळतो, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जाळतो, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात ओढ्याला वाहून जाते.

दुपार उलटून गेल्यावर डोंगरावर राहण्यात आणखी एक धोका असतो, वळवाचा. सकाळी निरभ्र असलेल्या आभाळात दुपारी चारला काळे ढग चढतात आणि कडकडाट सुरू होतो. उघडा माथा, एकटं देऊळ आणि लोखंडी शिड्या, विजेच्या वेळी नको असलेल्या सगळ्या गोष्टी कळसूबाईवर एकत्र आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते गावात रेंज असतानाच उघडून पाहावं.

खालच्या टप्प्यावर जाळ्यांमध्ये करवंदं पिकलेली असतात. मुंबईच्या लोकलमध्ये आणि स्टेशनाबाहेर 'डोंगरची काळी मैना' म्हणून द्रोणात मिळणारी हीच. इथे ती स्वतःच्या हाताने, काटे चुकवत, चीक बोटांना लावून घेत तोडायची. गटातली सगळी शिस्त या जाळ्यांपाशी मोडते. पुढचे मागे येतात, मागचे पुढे जातात, मघापासून गुडघा धरून चालणाराही जाळीत शिरतो. लाल गराचं करवंद कोंबडा आणि पांढऱ्या गराचं कोंबडी, हा लहानपणचा खेळ चाळिशीतले लोक पुन्हा खेळू लागतात. मूठभर खायची आणि बाकीची राहू द्यायची. गावातली पोरं आणि बायका हीच करवंदं विकून चार पैसे मिळवतात, आणि पाखरांचाही त्यांवर हक्क आहे.

दहाच्या सुमारास बारी येतं. पत्र्यांवर ऊन झळाळत असतं, कोंबड्या सावलीला पाय पोटाशी घेऊन बसलेल्या असतात. ओसरीवर सगळे धबाधब सॅक टाकतात आणि बुटातली खडी उपसतात. पहाटे जिथून बाटल्या भरल्या तो हंडा आता रिकामा, उपडा ठेवलेला असतो. घरातली सून दुसरा हंडा घेऊन विहिरीवर गेलेली असते. पाणी मोजणारा तो मित्र सगळ्यांच्या बाटल्या पुन्हा एकदा हातात घेऊन बघतो. कुणाच्या तळाशी चार घोट आहेत, कुणाची अर्धी उरली आहे. उरलेलं सगळं तो अंगणातल्या घमेल्यात ओततो आणि आंब्याखाली बांधलेल्या दोन शेळ्या दावं ताणून तिकडे तोंड वळवतात.